लिस्बन शहराची ओळख

परदेशांतील एखादें प्राचीन शहर पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा एक यादी खिशांत घालून निघतो. एक राजवाडा, एक चर्च, दोन पुतळे, एक संग्रहालय. एकेका नांवापुढें खूण होत जाते, आणि तिसऱ्या दिवशीं यादी संपली कीं शहरही संपलें असें त्याला वाटूं लागतें. पोर्तुगालची राजधानी लिस्बन हिच्या बाबतींत ही रीत विशेष फसवी ठरते. कारण या शहरांत जें दिसतें त्याच्याइतकेंच, जें नाहींसें झालें तेंही महत्त्वाचें आहे. आणि नाहींशा झालेल्या वस्तूंची नांवें यादींत नसतात.

लिस्बन हें टेगस नदीच्या मुखापाशीं, तिच्या उत्तर तीरावरील टेंकड्यांवर वसलें आहे. शहरासमोर नदीचें पात्र इतकें विस्तारतें कीं नवख्या माणसाला तो समुद्रच वाटावा. पहिल्या दिवशीं प्रवाशानें दुसरें कांहींही न पाहतां सेंट जॉर्जच्या किल्ल्यावर चढावें. पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सु हेन्रिक्श यानें ११४७ सालीं मूर लोकांपासून हें शहर जिंकून घेतलें. किल्ल्याच्या तटावरून खालीं नजर टाकली म्हणजे शहराचे दोन अगदीं भिन्न भाग डोळ्यांत भरतात. एका अंगाला अल्फामा ही जुनी वस्ती. तिचें नांवच मुळीं अरबी आहे. तिच्या गल्ल्या वांकड्यातिकड्या, मध्येंच पायऱ्या होणाऱ्या, आणि दोन शेजाऱ्यांना समोरासमोरच्या खिडक्यांतून सहज बोलतां यावें इतक्या अरुंद. दुसऱ्या अंगाला, नदीपासून आंत पसरलेला बाइशा हा सखल भाग. तेथील रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ, घरें एका उंचीचीं आणि एका घडणीचीं. एकाच शहरांत हा भेद कां, असा प्रश्न ज्याच्या मनांत उभा राहिला, त्याची लिस्बनशीं ओळख सुरू झाली असें समजावें.

या प्रश्नाचें उत्तर एका सकाळींत आहे. १ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांच्या सणाचा दिवस होता. चर्चें भाविकांनीं भरलेलीं होतीं व वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. साडेनवाच्या सुमारास धरणीकंप झाला. घरें कोसळूं लागलीं तेव्हां जीव वांचविण्यासाठीं अनेकजण नदीकांठच्या मोकळ्या जागेकडे धांवले. तेथें त्यांना समुद्रावरून आलेल्या प्रचंड लाटांनीं गांठलें. उरलेलें काम अग्नीनें केलें. ती आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. नदीकांठचा राजवाडा गेला, त्यांतील ग्रंथसंग्रह गेला, आणि त्याच वर्षीं वसंत ऋतूंत उघडलेलें भव्य नाट्यगृहही गेलें. राजा जोझे पहिला त्या दिवशीं शहराबाहेर बेलेम येथें होता म्हणून वांचला. परंतु दगडी छपराची त्यानें एवढी धास्ती घेतली कीं १७७७ मध्यें मरण येईपर्यंत तो टेंकडीवरील लांकडी निवासांतच राहिला.

त्या सकाळीं गेलेलें शहर कसें होतें तें पाहण्याची एक सोय मात्र उरली आहे. झिलई दिलेल्या मातीच्या फरशांवर चित्रें काढण्याची कला या देशांत फार नांवाजलेली आहे. तेथील लोक अशा फरशांना 'अझुलेझु' म्हणतात. त्या कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मालकीचें, सुमारें १७०० सालचें एक निळें-पांढरें चित्र आहे. सुमारें २३ मीटर लांबीच्या या पट्ट्यावर नदीकडून दिसणारें सारें लिस्बन रेखाटलेलें आहे. राजवाडा, मठ, मनोरे, धक्के, सर्व जागच्या जागीं. चित्रकाराला पुढचें ठाऊक नव्हतें. पाहणाऱ्याला तें ठाऊक असतें, आणि म्हणूनच या चित्रापुढून पाय लवकर निघत नाहीं.

पुन्हां उभारणीचा प्रश्न आला तेव्हां पुढें मार्किश द पोंबाल या पदवीनें प्रसिद्धीस आलेल्या प्रधानानें सूत्रें हातीं घेतलीं. योजना आखण्याचें काम मानुएल दा माया या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या इंजिनिअराकडे आलें. राज्याचें दप्तरखानेंही याच वृद्धाच्या देखरेखीखालीं होतें. किल्ल्यांतील दप्तराचा मनोरा ढांसळल्यावर तेथील जुने कागद ढिगाऱ्यांतून सुरक्षित स्थळीं नेण्याची व्यवस्था त्यानें केली, आणि मग नव्या शहराचा विचार आरंभिला. शहर होतें तसेंच पुन्हां बांधावें, रस्ते रुंद करून बांधावें, सखल भाग सपाट करून नव्यानें आंखावा, कीं राजधानी बेलेमकडेच हलवावी, असे निरनिराळे पर्याय त्यानें राजापुढें मांडले. अखेर शहर जुन्याच जागीं, परंतु नव्या रेषांवर उभें करण्याचें ठरलें. भिंतींच्या आंत लांकडी खांब, आडव्या तुळया व तिरप्या फुल्या यांचा एक सांगाडा बसविण्यांत आला. त्याला 'गायोला', म्हणजे पिंजरा, असें नांव पडलें. जमीन हलली तर लांकूड लवावें, आणि दगडविटा निखळल्या तरी घर सबंध कोसळूं नये, असा त्यामागील हेतु. नमुन्याच्या सांगाड्याभोंवतीं सैनिकांना पाय आपटीत चालावयास लावून त्याची परीक्षा घेतली, असें सांगतात. शिवाय, धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधीं ओसरला कीं आधीं चढला, अशी प्रश्नावली देशभरच्या धर्मोपदेशकांकडे धाडण्यांत आली. दैवी कोप मानल्या गेलेल्या संकटाविषयीं एका सरकारनें माहिती गोळा करावी, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

यानंतर प्रवाशानें पश्चिमेकडे बेलेमला जावें. भूकंपाच्या तडाख्यांतून बव्हंशीं वांचलेल्या या भागांत जुनें वैभव उभें आहे. १५०१ सालीं राजा मानुएल यानें आरंभिलेला जेरोनिमुश मठ पाहतांना दगडांत इतकें नाजूक काम कसें झालें याचा अचंबा वाटतो. परंतु त्याचा पैसा कोठून आला हें भारतीय प्रवाशानें विसरूं नये. आफ्रिका व पूर्वेकडील देशांशीं चालणाऱ्या व्यापारावर शेंकडा सुमारें पांच कर बसवून तो उभा करण्यांत आला. मिरीचा त्यांत मोठा वांटा. १५२४ मध्यें कोचीन येथें मरण पावलेल्या वास्को द गामाची समाधि याच चर्चमध्यें आहे. जवळच्या बुरुजावर एका गेंड्याचें झिजलेलें दगडी मस्तक दिसतें. १५१५ मध्यें गुजराथच्या सुलतानानें दिलेला एक गेंडा आल्बुकेर्क यानें गोव्याहून लिस्बनला पाठविला होता. ड्यूरर या जर्मन चित्रकारानें तो जनावर न पाहतांच त्याचें जगप्रसिद्ध चित्र काढलें. मराठी माणसाला येथें परकेंही वाटतें आणि ओळखीचेंही वाटतें. बटाटा, काजू, पाव, चावी हे त्याच्या घरांतले शब्द याच नदीवरून निघालेल्या जहाजांबरोबर आले. आणि १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यावर चाललेला अंमलही येथूनच गेला.

शेवटचा दिवस कार्मु मठासाठीं राखून ठेवावा. बाइशांतून १९०२ सालच्या लोखंडी उद्वाहकानें वर गेलें कीं तो लागतो. १३८९ मध्यें स्थापन झालेल्या या मठाच्या चर्चचें छप्पर त्या सकाळीं गेलें. दुरुस्ती सुरू झाली व पुढें थांबली. छप्पर पुन्हां चढलेंच नाहीं. आज उंच दगडी कमानी उघड्या आकाशाखालीं तशाच उभ्या आहेत. पाऊस आला कीं सरळ जमिनीवर पडतो. याच मठाच्या आवारांतील लष्करी ठाण्यांत २५ एप्रिल १९७४ रोजीं जुन्या हुकूमशाहीचा अखेरचा पंतप्रधान आश्रयास आला व त्यानें तेथेंच सत्ता सोडली. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या करारानें गोव्यावरील भारताचें सार्वभौमत्व पोर्तुगालनें मान्य केलें.

ज्या शहरानें सबंध सखल भाग सरळ रेषांनीं नवा केला, त्यानें ही एक भग्न वास्तू मोडूनही टाकली नाहीं व झांकूनही टाकली नाहीं. येथें प्रवाशानें यादी खिशांतच ठेवावी आणि एखाद्या खांबाच्या पायाशीं थोडा वेळ बसावें. खालीं पोंबालचे सरळ रस्ते, समोर मुरांचा किल्ला, पलीकडे गोव्याला जाणाऱ्या जहाजांची नदी, आणि डोक्यावर १७५५ पासूनचें आकाश. लिस्बनची ओळख म्हणतात ती एवढीच आहे.