घरमालक आणि भाडेकरू : हक्क व कर्तव्ये



रत्नागिरीहून सागरी मार्गाने गणपतीपुळ्याकडे निघालेला प्रवासी आरे-वारेच्या जुळ्या किनाऱ्यांपाशी हमखास थांबतो. या थांबण्यामुळे वाटेवरील घरांना नवे मोल आले आहे. एरवी कुलूपबंद राहणारे घर निवास-न्याहारीसाठी कोणाला तरी चालवावयास दिले जाते. रस्त्याकडेची पडवी दुकानासाठी मागितली जाते. व्यवहार बहुधा तोंडीच ठरतो. 'घरचाच माणूस, कागद कशाला?' या वाक्यात सौजन्य असते; परंतु पुढील कलहाचे बीजही त्यातच असते.

कोकणातील कित्येक कुटुंबे गावी घरमालक, तर मुंबईत चाळीतील भाडेकरू आहेत. तेथे जो कायदा आधार वाटतो, तोच येथे जाच वाटतो. म्हणून दोन्ही बाजू समजून घेणे अगत्याचे आहे.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने टंचाईच्या काळात भाडेकरूस संरक्षण दिले. परंतु भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली आणि इमारती जीर्ण झाल्या. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरविली. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

या अधिनियमाने मालकास दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीचा हक्क दिला. त्याचबरोबर जागा सुस्थितीत राखणे, भाड्याची पावती देणे आणि पाणी-वीज न तोडणे ही कर्तव्येही सांगितली. नियमित भाडे देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेकरूस सहजी काढता येत नाही. मात्र त्याने परवानगीविना पोटभाडेकरू ठेवला, लेखी संमतीविना कायम स्वरूपाचे बांधकाम केले, अथवा मालकास जागेची खरोखर गरज असली, तर न्यायालय ताबा देऊ शकते.

सर्वांत महत्त्वाचे कलम ५५ वे. करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे कागद टाळणारा मालक स्वतःचेच हात बांधून घेतो.

हा अधिनियम अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. जेथे तो लागू नाही, तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पाहावा लागतो. त्यात विपरीत करार नसल्यास मासिक भाडेपट्टा १५ दिवसांच्या नोटिशीने संपविता येतो. तेथे तोंडी शब्दावर विसंबलेला भाडेकरूच उघड्यावर पडतो. कागदाची गरज अशी उभयपक्षी आहे.

सार्वजनिक न्यासांनी आणखी दक्ष असावे. न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. समाजाच्या मालमत्तेत भिडेला स्थान नाही.

व्यापारात उधारी वहीत लिहिली, म्हणून कोणी अविश्वास दाखविला असे होत नाही. घराच्या व्यवहारातही तीच दृष्टी हवी. विश्वास टिकावा, यासाठीच लिखापढी असते.