शिदोरी आणि पहिली पाळी

(महिला शाखेच्या वतीने सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून नाट्य, संगीत, साहित्य यांविषयी बोलले जावे अशी रीत आहे. त्या रीतीस क्षणभर बाजूला सारून आम्ही महिला शाखेच्या सभासदांनी डब्याचा विषय निवडला आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु भिलाईतील मराठी घराचे घड्याळ ज्या वस्तूवर चालत आले ती वस्तू डबा हीच होय, आणि त्या घड्याळाने घरातील एका माणसाची झोप वर्षानुवर्षे खाल्ली आहे.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. झोतभट्टीचा स्वभाव असा की, एकदा पेटली म्हणजे रात्र झाली म्हणून तिला विझविता येत नाही. यास्तव माणसांनीच पाळ्या वाटून घ्यावयाच्या. पहिली पाळी सकाळी ६ ते दुपारी २, दुसरी २ ते रात्री १०, तिसरी १० ते पहाटे ६. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आणि त्याहूनही दुरून जी मराठी कुटुंबे येथील सेक्टरांत राहावयास आली, त्यांना हे नवे पंचांग शिकावे लागले. पहिल्या पाळीचा माणूस सव्वापाचला घर सोडतो. म्हणजे डबा पाचला तयार हवा, म्हणजे कणीक साडेचारला भिजावयास हवी, म्हणजे गृहिणीने चारला उठावयास हवे. आणि एवढे करून तो डबा उघडतो केव्हा? साडेनऊ-दहाला, हाताशी काम असेल तर अकरालाही.

मुंबईची गोष्ट निराळी. तेथे महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली डबेवाल्यांची जी व्यवस्था उभी केली, तिच्यात डबा सकाळी उशिरा घरून निघतो आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी हातात पडतो. रस्सा, वरणभात, पोळी असे पूर्ण ताट त्या डब्यात शोभते. आपल्याकडे डबेवाला नाही आणि वेळही ती नाही. तथापि आपण डबा मात्र त्याच ताटाचा करीत आलो. गरम खावयाचे पदार्थ पहाटे चारला रांधावयाचे, वाफेसकट झाकण लावावयाचे आणि पाच तासांनी ते गार, चामट, घामेजलेले खावयाचे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, गार खावयाचे अन्न हा गरम अन्नाचा उतरता प्रकार नव्हे. ती स्वतंत्र पाकसिद्धी आहे, आणि ती मराठी माणसाला नवी नाही. तिला आपल्याकडे शिदोरी म्हणतात.

गोकुळातील सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडून काला केला, तो कोणी तापवून खाल्ला नाही. पंढरीच्या वाटेवर, शेताच्या बांधावर, मुंबई-हावडा मार्गावरील गाडीच्या लाकडी बाकावर ज्या पुरचुंड्या सुटल्या त्यांत दशमी होती, धपाटे होते, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी होती. रस्साभाजी नव्हती. हे दारिद्र्याने झाले असे कोणास वाटत असेल, तर ते निम्मेच खरे आहे. त्यामागे शास्त्र होते; फक्त ते कोणी लिहून ठेवले नव्हते.

दशमीचेच पाहा. पिठात पाण्याचा थेंब न घालता ती दुधात भिजवितात. पाण्यात भिजविलेली पोळी गार झाली की तिच्यातील पिष्ट आकसून कडक होते. दुधातील स्निग्धांश व साखर ही क्रिया लांबवितात, म्हणून दशमी मऊ राहते. दोन वाट्या कणकेस एक चमचा तेलाचे मोहन, चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढे दूध. गोड दशमीसाठी अर्धी वाटी गूळ दुधात विरघळवून घ्यावा; मात्र दूध कोमट असावे, गरम दुधात गूळ घातला तर ते नासते. धपाट्यांत दुधाचे काम आंबट ताक करते. ज्वारीचे पीठ दोन वाट्या, डाळीचे पीठ व कणीक अर्धी-अर्धी वाटी, तीळ, ओवा, वाटलेली लसूण-मिरची आणि चिरलेली मेथी. ताकाच्या आंबटपणामुळे चव राहते आणि जंतूंची वाढही मंदावते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. पूर्वी दशम्या दोन-तीन दिवस टिकत, असे आपण ऐकत आलो आहोत. भिलाईच्या वैशाखात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कोणीही त्या भरवशावर राहू नये. अन्नसुरक्षेचा सध्याचा दंडक असा की, ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात शिजविलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून नाशवंत अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांपलीकडे गेली तर एका तासाहून अधिक नाही. आता पहिल्या पाळीचा डबा पाच तास बाहेर असतो. म्हणजे मार्ग दोनच उरतात: डबा थंड राखावा, नाहीतर त्यात कोरडे, आंबट, खारट, पाण्याला पारखे झालेले पदार्थ भरावेत. आम्ही दोन्ही करण्याच्या मताच्या आहोत.

यावर सभासद बंधू म्हणतील की, एवढा खटाटोप कशाला, तेथेच गरम करून घेऊ. गरम केले की अन्न निर्दोष झाले, ही समजूत फार जुनी आहे आणि घातकही आहे. भाताचे उदाहरण घ्या. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूंचे बीजाणू असतात. उकळत्या पाण्यातही ते मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांपैकी काही असे विष तयार करतात की जे पुन्हा तापवूनही नाहीसे होत नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन तो डब्यात घालणे, ही आपल्या घरोघरीची सवय म्हणूनच सोडली पाहिजे. फोडणीने वास जातो, विष जात नाही. भात डब्यात द्यावयाचाच असेल तर तो परातीत पसरून लवकर निववावा, लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि पहाटे थंडच भरावा. दहीभातही असाच थंड भातावर थंड दूध-दही घालून करावा, आणि उन्हाळ्यात तो बर्फाच्या सोबतीवाचून देऊ नये.

येथे आपल्या शेजाऱ्यांकडून काही शिकण्यासारखे आहे. धानाच्या या मुलखात रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा, मिरची, मिठासह खातात. त्याला बोरे-बासी म्हणतात. १ मे २०२२ रोजी, कामगारदिनी, राज्य शासनाच्या आवाहनावरून तो सर्वत्र मोठ्या हौसेने खाल्ला गेला. त्यापूर्वी आपल्यापैकी कितीजणांनी तो चाखला होता, हा प्रश्न आम्ही विचारत नाही. उन्हात राबणाऱ्या माणसाला पाणी आणि मीठ एकाच भांड्यातून पोहोचविणारा याहून साधा उपाय क्वचितच असेल. पण ते सकाळी घरी बसून खाण्याचे अन्न आहे. दुपारपर्यंत डब्यात कोंडण्याचे नव्हे. भट्टीजवळ घाम गाळणाऱ्याच्या डब्यासोबत त्याऐवजी मीठ-जिरे घातलेले ताक असावे.

शेजाऱ्यांशी आपले दुसरे नाते अळशीचे. आपण वऱ्हाडात जिला जवस म्हणतो तीच ही. छत्तीसगढातील शेतकरी उभ्या धानातच ओलीवर तिचे बी फेकतात आणि धान निघाल्यावर तेवढ्याच ओलाव्यावर पीक घेतात; या पद्धतीला ते उतेरा म्हणतात. जवसातील तेलात ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्ल विपुल असते. जे मासे खात नाहीत त्यांना ते फारसे इतरत्र मिळत नाही. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावेत, लाल मिरची, लसूण, जिरे, मीठ घालून कुटावेत. पाण्याचा हात लागू देऊ नये. दळल्यावर हे तेल लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतीच चटणी करावी.

गार डब्याचे आणखी एक रहस्य तुपाविषयी आहे. गरम पोळीवर तूप अमृत. पण थंडीच्या दिवसांत, जेव्हा येथील पहाट दहा-बारा अंशांवर येते, तेव्हा तेच तूप डब्यात थिजून टाळूला चिकटते. डालड्याचे तर बोलावयासच नको. गार खावयाच्या भाजीस शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल वापरावे. ओल्या नारळाऐवजी भाजलेले सुके खोबरे किंवा दाण्याचे कूट घालावे, कारण ओला नारळ आधी आंबतो. बटाटा गार झाल्यावर पिठूळ लागतो. त्यापेक्षा फरसबी, गवार, भेंडीची कोरडी परतलेली भाजी बरी. मोड आलेल्या मुगांची सुकी उसळ लिंबू पिळून दिली तर पोळीवाचूनही खाता येते. शिवाय, अन्न गार झाले की त्याचा गंध मंदावतो आणि चव फिकी वाटते. अशा वेळी हात मिठाकडे जातो. तो लिंबाकडे, आमसुलाकडे, तिळाकडे वळवावा. रक्तदाब आणि मधुमेह या दोन पाहुण्यांनी आपल्या मंडळातील किती घरांत कायमचा मुक्काम केला आहे, हे येथे निराळे सांगावयास नको.

भांड्याविषयी दोन शब्द. ताक, लिंबू, चिंच ही ॲल्युमिनियमच्या डब्यात देऊ नयेत, आणि पितळी डबा असेल तर कल्हई शाबूत हवी. पोलादी डबा सर्वांत उत्तम. आपण रूळ आणि जाड पत्रे करणाऱ्या गावात राहतो, पण डब्याचे न गंजणारे पोलाद वेगळे. त्यात क्रोमियम किमान साडेदहा टक्के असावे लागते. ते आपल्या भट्टीचे नव्हे, याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये.

आता मूळ मुद्दा. हे सारे पदार्थ आदल्या संध्याकाळी होतात. दशम्या, धपाटे आणि उसळ रात्री आठपर्यंत करून, जाळीवर निववून, वाफ पूर्ण गेल्यावरच बंद करून फ्रिजमध्ये ठेवावीत. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली अर्धी भरून आडवी गोठवावी. सकाळी ती डब्याला टेकवून जाड पिशवीत घातली की बर्फाचे काम होते आणि दहापर्यंत प्यावयास गार पाणीही मिळते. पहाटे करावयाचे काम दहा मिनिटांचे, आणि ते ज्याची पाळी आहे त्यानेही करता येण्यासारखे. चारला उठणे म्हणजे गृहिणीची निष्ठा, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांचा आम्हांला आदर आहे. परंतु आज आपल्या घरांतील लेकीसुना स्वतः नोकरीवर जातात, आणि ज्या जात नाहीत त्यांनाही साडेपाचपर्यंत निजण्याचा हक्क आहे. डबा ताजा असावा हे खरे; तो जागरणाचा असावा असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

सभागृहाच्या मागील बाजूस टेबलावर चार डबे मांडले आहेत. त्यांतील धपाटे, गुळाच्या दशम्या आणि मुगाची उसळ काल रात्री आठपूर्वीची आहे, रात्रभर फ्रिजमध्ये होती आणि येथे बर्फाच्या बाटल्यांना टेकून आली आहे. जवसाची चटणी गेल्या शनिवारची. दहीभात मुद्दाम आणलेला नाही, कारण आमच्या बाटल्या चारच होत्या. भाषणे संपताच सर्वांनी तिकडे यावे, आणि पुरुष सभासदांनी कृती लिहून घेण्यास कागद-पेन्सिल सोबत आणावी, ही विनंती.