व्यवसायासाठी मोबाईल : निवड आणि सावधगिरी

(छोटे व्यावसायिक, शिक्षक आणि पंचायत कर्मचारी यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



चवथीच्या आदल्या दिवशी आपल्या गोव्यातील माटोळीच्या बाजारात फेरी मारली, तर सुपारीच्या घडांशेजारी क्यूआर कोडचा फलक हमखास दृष्टीस पडतो. डोंगरातून रानफळे घेऊन आलेली बाईदेखील आज मोबाईलवर पैसे स्वीकारते. मोबाईल हाच आता आपला गल्ला आणि हीच आपली खतावणी झाली आहे. साहजिकच, अँड्रॉइड घ्यावा की आयफोन, असा प्रश्न मला ठिकठिकाणी विचारला जातो.

पहिला आयफोन २००७ साली बाजारात आला आणि पहिला अँड्रॉइड फोन २००८ साली. त्या काळी ब्लॅकबेरीचा मोठा दबदबा होता; पुढे विंडोज फोनही आले. परंतु २०१९ च्या अखेरीस विंडोज फोनवरील व्हॉट्सॲप बंद झाले, आणि जानेवारी २०२२ मध्ये ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीच्या सेवा थांबल्या. हातातील यंत्र धडधाकट, पण काम मात्र अडले! यावरून एवढा बोध घ्यावा की, फोनच्या देखणेपणापेक्षा त्यामागील प्रणालीची देखभाल किती वर्षे होणार, हे अधिक महत्त्वाचे आहे.

या दृष्टीने पाहता आयफोनला सुरक्षा अपडेट सामान्यतः पाच वर्षांहून अधिक काळ मिळत राहतात. मात्र त्याची किंमत व दुरुस्तीचा खर्च छोट्या दुकानदारास जड जातो. अँड्रॉइड फोन अनेक कंपन्या बनवितात, म्हणून तो सर्वांच्या ऐपतीत बसतो. परंतु प्रत्येक कंपनीचे वचन वेगळे. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलक्सी एस २४ साठी सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. स्वस्त फोनांना ती पुष्कळदा याच्या निम्मीही नसते. तेव्हा विकत घेण्यापूर्वी दुकानदारास हा प्रश्न अवश्य विचारावा.

दुसरा भेद अधिक गंभीर आहे. माझ्या परिचयाच्या एका दुकानदारास व्हॉट्सॲपवर वाहतूक दंडाच्या पावतीच्या नावाने एक फाईल आली. नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे होती. त्यांनी ती उघडली, फोनने दिलेला इशारा दुर्लक्षिला आणि मागितलेल्या सर्व परवानग्या दिल्या. त्यानंतर बँकेचे ओटीपी परस्पर चोराच्या हाती पडू लागले आणि मुलीच्या लग्नासाठी साठविलेली पुंजी एका दुपारी नाहीशी झाली. अँड्रॉइडमध्ये प्ले स्टोअरबाहेरील ॲप बसविण्याची मुभा आहे, तिचाच हा गैरफायदा. आयफोनवर अशी एपीके फाईल चालत नाही. तथापि, गोड बोलून पिन काढून घेणारा भामटा दोन्ही फोनधारकांना सारखाच फसवितो, हेही ध्यानात असू द्यावे.

पैसे घेणे, मालाची छायाचित्रे पाठविणे, उधारीची नोंद ठेवणे ही नित्याची कामे दोन्ही प्रणालींवर उत्तम होतात. म्हणून कर्ज काढून महागडा फोन घेण्याचे कारण नाही. आपल्या ऐपतीतील, अधिक वर्षे अपडेट मिळणारा फोन घ्यावा. हिशेबाची प्रत फोनबाहेरही असावी, मग ती गूगल ड्राइव्हवर असो, आयक्लाउडवर असो वा साध्या वहीत असो. कारण फोन पाण्यात पडला तर उधारी कोणाकडे किती, हे सांगणारे दुसरे कोणी नसते. अनोळखी फाईल उघडू नये, आणि पिन कोणासही सांगू नये. इतके करूनही फसवणूक झालीच, तर लाजून घरी बसू नये. विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची आशा अधिक.

येथे जमलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, हे चार शब्द त्यांनी विद्यार्थ्यांकरवी घरोघरी पोहोचवावेत. कष्टाने मिळविलेला पैसा सुरक्षित राहिला, तरच या नव्या साधनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

जय हिंद!