पुस्तकं फिरती राहू द्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात डिसेंबरच्या पहिल्या रविवारी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिलेली आहेत. बँकेतला माणूस आहे, वेळेत काउंटर बंद करतो, काळजी नसावी.

पंचवीस वर्षांचा हिशोब सेक्रेटरींनी मघाशी मांडलाच. बोअर, पाण्याची टाकी, रंगकाम, सोलर, सगळं त्यात आलं. मी त्यात न आलेल्या एका शिल्लकीबद्दल बोलणार आहे. दिवाळीनंतर मी आणि आमच्या विंगमधल्या दोन वहिनी, असे आम्ही बारा घरांत गेलो आणि एकच प्रश्न विचारला: "तुमच्याकडे लहान मुलांची पुस्तकं आहेत का?" कुणी माळ्यावरून खोकं काढलं, कुणी दिवाणाच्या खणातून पिशवी काढली. बारा घरांत मिळून दोनशेच्या वर पुस्तकं निघाली. ज्यांच्यासाठी ती आणली होती, ती मुलं आता पुण्यात, बंगळुरूत, कुणी अमेरिकेत. पुस्तकं मात्र इथेच, साताऱ्यात, अंधारात.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर ठेवी भरपूर आणि कर्जवाटप शून्य! अशी बँक फार दिवस चालत नाही. आणि घराला रंग द्यायची वेळ आली की पहिली गदा या पुस्तकांवरच येते. ती रद्दीत किलोवर जातात.

"हल्लीची मुलं वाचतच नाहीत" हे वाक्य आपण सगळेच बोलतो. मला ते पटत नाही. साताऱ्यात हिवाळ्यात ग्रंथमहोत्सव भरतो, तिथे मुलांच्या पुस्तकांच्या स्टॉलसमोर जरा उभे राहून पाहा. मुलं पुस्तकं उचलतात, चित्रं बघतात, तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागतात. मग मागून आईचा किंवा बाबांचा आवाज येतो, "चल, घरी आहेत तेवढी आधी वाच." घरी असतं काय? पाठ्यपुस्तक आणि गाईड. मूल वाचायला तयार असतं, पुस्तक हाताशी नसतं. एवढीच अडचण आहे, आणि ती आपल्याला सोडवता येण्यासारखी आहे.

ती कशी सोडवायची याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यापासून आत गेलं की भिलार लागतं. स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. इंग्लंडशेजारच्या वेल्समधलं 'हे ऑन वाय' हे पुस्तकांच्या दुकानांचं गाव प्रसिद्ध आहे, त्यावरून ही कल्पना सुचली. पण आपल्याकडे त्यात एक छान बदल झाला. तिथे पुस्तकं विकत मिळतात, भिलारला ती बसून फुकट वाचायची. राज्य मराठी विकास संस्थेने पुस्तकं आणि कपाटं दिली, आणि गावकऱ्यांनी आपल्या घरातली जागा दिली. सुरुवात पंचवीस ठिकाणांपासून झाली. एका घरात कविता, एका घरात इतिहास, एका ठिकाणी बालसाहित्य. कुणाची ओसरी, कुणाची पुढची खोली. पाहुणा येतो, खुर्चीत बसतो, वाचतो. मी नातवंडांना घेऊन गेलो होतो. स्ट्रॉबेरी खायला म्हणून निघालेली मुलं दोन तास उठेनात. मला तिथे एक गोष्ट स्पष्ट कळली. वाचनालयाला इमारत लागतेच असं नाही, घराचं दार उघडं असलं तरी पुरतं.

दुसरा धडा सांगलीचा. माझी बरीच नोकरी सांगली जिल्ह्यात झाली, विटा, तासगाव आणि मग खुद्द सांगली. सांगलीचं नगर वाचनालय एकोणिसाव्या शतकातलं. बँक सुटली की तिथे एक फेरी व्हायचीच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि वाचनालयातही शिरलं. हजारो पुस्तकं भिजली. चिखलाने फुगलेली ती पुस्तकं बाहेर काढतानाचे फोटो पाहिले, तेव्हा घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं. मोठी ग्रंथालयं हवीतच, त्यांना पर्याय नाही. पण सगळा साठा एकाच छताखाली असला की एका पुरात जातो. चार घरांत, चार हातांत असलेलं पुस्तक वाचतं. दोन्ही अर्थांनी 'वाचतं'!

आता चांगलं पुस्तक ओळखायचं कसं? दुकानात गेलं की चकचकीत पानांची, कार्टूनची पुस्तकं पुढे मांडलेली असतात. माझ्या तीन कसोट्या सांगतो. पहिली, दोन पानं मोठ्याने वाचून पाहा. वाचताना जीभ अडखळली, वाक्यं भाषांतरित वाटली, तर ठेवून द्या. दुसरी, प्रत्येक पानावर उपदेश असेल तर तेही ठेवून द्या. मुलांना उपदेश करायला आपण सगळे आहोतच, त्यासाठी पैसे कशाला मोजायचे? तिसरी कसोटी सगळ्यांत महत्त्वाची. मूल "परत वाच" म्हणतं का ते बघा. हा निकाल शेवटचा, त्यावर अपील नाही.

वयाप्रमाणे काही नावं सुचवतो. अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घ्या. चित्रंही त्यांचीच. आई, बाबा, आजी, आजोबा असं साधं घर, आणि तरी मुलं पुन्हा पुन्हा तेच मागतात. त्यांनीच संपादित केलेले 'वाचू आनंदे'चे भाग घरात असले की मराठीतले उत्तम लेखक मुलांना आपोआप भेटतात. नऊ-दहा वर्षांच्या पुढच्यांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. फुरसुंगीचा हा बनेश फेणे माझ्या मुलांनी वाचला, आता नातू वाचतोय. विंदा करंदीकर ज्ञानपीठाचे मानकरी, पण मुलांसाठी कविता लिहिताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्या कविता मोठ्याने म्हणायच्या. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' मराठीत नॅशनल बुक ट्रस्टने काढलं आहे. ते मुलांआधी आई-वडिलांनी आणि शिक्षकांनी वाचावं. आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ च्या नोव्हेंबरपासून निघतंय. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. म्हणजे मोबाईल हातात आहेच, तर त्याच्याकडून हेही काम करून घ्या.

एक पुस्तक मुद्दाम वेगळं काढतो. ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा'. त्याला २०१७ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धरणामुळे गाव सोडावं लागलेल्या मुलाची ही गोष्ट आहे. आपल्या सोसायटीतले एक काका कोयनेच्या खोऱ्यातले, त्यांचं मूळ गाव शिवसागरात गेलं. त्यांनी ते पुस्तक नातवाला वाचून दाखवलं. चौथ्या-पाचव्या दिवशी नातवाने विचारलं, "आजोबा, तुमच्या गावाचंही असंच झालं का?" पुढच्या दोन संध्याकाळी पुस्तक मिटलेलंच राहिलं आणि आजोबा बोलत राहिले. घर कुठे होतं, देऊळ कुठे होतं, आंब्याचं झाड कुणाचं होतं. काका मला म्हणाले, "इतक्या वर्षांत घरात मला हे कुणी विचारलंच नव्हतं." ते विचारायला एक पुस्तक लागलं. शाळेतले मार्क, इंग्रजी सुधारणं, शब्दसंग्रह, हे फायदे होतातच. पण मी पुस्तकाची बाजू घेतो ती या दोन संध्याकाळींसाठी.

तर आता माझा प्रस्ताव. २४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुल्यांचा जन्मदिवस, आणि सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. हे दोन्ही दिवस धरून बरोबर अकरा दिवस होतात. याच काळात काही शाळांना नाताळची सुट्टी असते, पुण्या-मुंबईची नातवंडं आलेली असतात. सहा वाजताच अंधार पडतो, थंडीने मुलं घरात येतात आणि मोबाईल हातात घेतात. त्या वेळी आपण पुस्तक पुढे करायचं.

प्रत्येक घराने पाच पुस्तकं द्यायची. दान नव्हे, उसनी. पहिल्या पानावर नाव आणि फ्लॅट नंबर लिहायचा. नाशिकला २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम चालतो, त्यात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे फिरतात. आपणही तसंच करू. प्रत्येक विंगला एक पेटी, आणि दर तीन दिवसांनी पेट्यांची अदलाबदल. नोंदवहीचं काम सातवी-आठवीच्या मुलांकडे. लेजर कसं लिहायचं ते मी शिकवतो! संध्याकाळी सात ते साडेसात पार्किंगमध्ये मोठ्याने वाचन. आज्या, आजोबा, वहिनी, ज्यांना जमेल त्यांनी वाचायचं. उशीर झाला तर दंड नाही. पुस्तक आवडलं नाही तर अर्ध्यात सोडायची परवानगी. पान फाटलं तर ओरडायचं नाही, डिंक आणि पातळ कागद घेऊन चिकटवायला शिकवायचं.

याला खर्च जवळजवळ नाही. सुट्टीनंतर पेट्या ठेवायला तळमजल्याच्या छोट्या खोलीतलं एक कपाट मला हवं आहे. ती खोली भाड्याने द्यायचा विषय येत्या जनरल बॉडीत आहे, हे मला माहीत आहे. भाडं जरूर घ्या, मेंटेनन्सला हातभार लागेल. पण ते एक कपाट पुस्तकांच्या नावावर राहू द्या, आणि तसं प्रोसिडिंगमध्ये लिहा. लिहिलेलं टिकतं, तोंडी विसरलं जातं.

शेवटचा मुद्दा थोडा नाजूक आहे, पण माझ्या वयाला बोललं तर चालतं. दोन-तीन सभासदांनी मला विचारलं, "काका, हे फक्त आपल्या मुलांसाठी ना?" प्रश्न काळजीपोटी होता, राग नाही. माझं उत्तर असं. आपल्या वॉचमनची मुलगी पाचवीत आहे. जूनमध्ये मिळालेलं मराठीचं पुस्तक तिने गणपतीच्या आधीच वाचून संपवलं. आता ती गेटजवळच्या दिव्याखाली तेच पुस्तक पुन्हा वाचत बसते. आपल्याकडे धुणं-भांडी करायला येणाऱ्या ताईंची मुलं सुट्टीत आईबरोबर येतात आणि जिन्यात बसून असतात. वर आपल्या माळ्यावर दोनशे पुस्तकं, आणि खाली वाचायला आसुसलेली ही मुलं. मध्ये फक्त एक जिना आहे. पेटी सर्वांची नसेल तर ती सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या मुलांच्या नावाने एखादं पुस्तक हरवलं, तर त्याची भरपाई मी करीन. लेखी हमी देतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हमीपत्रांवर सह्या घेतल्या, आता एक सही माझी.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एकच काम. आज घरी गेल्यावर आई-बाबांना माळा उघडायला लावा. खोकं खाली आलं की त्यातलं तुम्हाला सर्वांत आवडणारं पुस्तक आधी बाजूला काढा, आणि पेटीत तेच द्या. नावडतं द्यायला सगळेच तयार असतात. आवडतं दिलंत तर तुम्हालाही कुणाचं तरी आवडतंच मिळेल.

२४ तारखेला संध्याकाळी साडेसहा वाजता पार्किंगमध्ये टेबल मांडलेलं असेल, नोंदवही उघडी असेल. पाच पुस्तकं घेऊन या.

दहा मिनिटं झाली. काउंटर बंद.