दोन धारांचा प्रवास
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "तुम्ही आठ जणी विमानाने हैदराबादला जाऊन त्याच रात्री घरी आलात, त्याबद्दल बोल." हिशेबासकट सांगते, कारण आपल्यातल्या आणखी बऱ्याच जणींना जायचंय, हे मघाशी चहाच्या वेळी कळलं.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, एका दिवसासाठी एवढ्या लांब कशाला? शिरूर काय आणि दौंड काय, आपलं सगळं ऊस आणि दुधावर. दारात चार जनावरं असली की सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते. रेल्वे तर दौंडकरांच्या दारातच आहे, हैदराबादच्या गाड्याही आहेत. पण जायला एक रात्र, फिरायला एक दिवस, यायला पुन्हा एक रात्र. म्हणजे घरच्यांवर चार धारा येतात. विमानाने गेलं तर दोनच. घरून परवानगी मिळाली ती या हिशेबावर.

दुसरं कारण मुक्काम. आठवतं का, नववीची सहल वेरूळ-अजिंठ्याला गेली होती. वर्गात आम्ही एकवीस मुली होतो, गेल्या पाच. पैसे नव्हते हे खरं, पण बहुतेकींच्या घरी अडलं होतं ते "रात्री बाहेर राहायचं" यावर. पुढे सासरीही तेच. नवल म्हणजे, विमान म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. "रात्री घरी येणार ना? मग जा."

आता पैसे. आम्ही नऊ जणींनी महिना तीनशेची भिशी धरली, चोवीस महिने. प्रत्येकीचे झाले ७,२०० रुपये. दोन महिने आधी, आठवड्याच्या मधल्या वारची तिकिटं काढली, येण्याजाण्याचे माणशी ५,४०० पडले. शिरूर ते लोहगाव गाडी ५००, हैदराबादला दिवसभराची गाडी ७००, जेवण आणि प्रवेश तिकिटं ५००. उरले शंभर. त्यांचं काय झालं ते पुढे सांगते.

आपल्या देशात २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली आणि स्वस्त विमानप्रवास आला. तिकीट स्वस्त, पण जेवण, सामान, हवी ती जागा या सगळ्याचे पैसे वेगळे. आम्हांला एका दिवसाला सामान कसलं लागणार? खांद्याला एक पिशवी, त्यात चपाती-भाजी आणि पाण्याची रिकामी बाटली. आत गेल्यावर ती भरून घेता येते. पिशवीत कात्री, अडकित्ता ठेवू नका. सुकं खोबरंही नको. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही.

आणि बायांनो, सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नाव. आधारवर एकीचं माहेरचं, एकीचं सासरचं, एकीचं दोन्ही. तिकिटावर तेच नाव, त्याच स्पेलिंगने हवं. आमच्यातल्या दोघींचं आधार आधी दुरुस्त केलं, मगच तिकीट काढलं.

रात्री अडीचला शिरूर सोडलं. रांजणगावला गाडीतूनच महागणपतीला हात जोडले. वाघोलीचा रस्ता त्या वेळी मोकळा असतो, हे पहिल्यांदाच पाहिलं. दौंडच्या तिघी हडपसरकडून आल्या. विमानतळावर सगळ्यांत जास्त भीती सरकत्या जिन्याची वाटली. साडीचा घोळ हातात धरून एकमेकींना सांभाळत चढलो. विमान उठल्यावर खाली मोठं पाणी दिसलं. ते उजनी की दुसरं कुठलं धरण, यावर दौंडच्या दोघींचं भांडण अजून मिटलेलं नाही. सव्वा तासात हैदराबाद.

पहिला गोवळकोंडा. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते. आम्ही चार जणी खाली थांबलो, चार साडेतीनशेवर पायऱ्या चढून गेल्या. खरंच ऐकू आली. सर, तुम्ही फळ्यावर दक्षिण दिग्विजयाची वाट काढली होती, रायगड, भागानगर, जिंजी. ते भागानगर म्हणजे हेच हैदराबाद. १६७७ साली महाराज इथे कुतुबशहाचे पाहुणे होते. वर उभं राहिल्यावर तुमचा तो खडूचा बाण डोळ्यांपुढे आला.

मग सालारजंग संग्रहालय. ते शुक्रवारी बंद असतं, वार पाहून जा. तिथल्या घड्याळात तासाला एक छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो. बाराच्या टोल्यांना सगळा चौक भरलेला होता. संध्याकाळी १५९१ चा चारमिनार, आणि शेजारी लाड बाजार. उरलेल्या शंभरांच्या तिथे लाखेच्या बांगड्या घेतल्या. रात्रीच्या विमानाने परत, आणि साडेबाराच्या पुढे घरी. दुसऱ्या दिवशी पहाटेची धार आम्हीच काढली.

मघाशी भिशीत नऊ जणी म्हणाले आणि गेलो आठ. नवव्या मैत्रिणीच्या सासूबाई अंथरुणावर आहेत. त्यांना उठवणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं तीच करते. तिला दोन धारांपुरतीसुद्धा सवड मिळाली नाही. तिचे ७,२०० रुपये तसेच ठेवले आहेत. लाड बाजारातून तिला बांगड्या आणल्या. तिने त्या भरल्या आणि म्हणाली, "मापाच्या कशा काय मिळाल्या गं?" एवढंच. ती आजही या मेळाव्याला आलेली नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे. दिवाळीनंतर पुन्हा जायचं ठरतंय, या वेळी तिला घेऊन. वर्गातल्या मुलांनो, तुम्ही सगळे वर्गणी द्यायला पुढे येता, त्याचं कौतुक आहे. पण आम्हांला पैसे नकोत, एक दिवस हवा आहे. तुमच्यापैकी दोघांनी आपापल्या घरच्या माणसांसह त्या दिवशी तिच्या घरी थांबावं. एकाने सासूबाईंजवळ बसावं, एकाने गोठा बघावा. ज्यांना धार काढता येत नाही, त्यांना आम्ही तोवर शिकवू.

बाहेर हजेरीच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर येणाऱ्यांची नावं लिहा, आधारवर आहेत तशीच. दुसऱ्या पानावर त्या दिवशी मागे थांबणाऱ्यांची. दुसरं पान आधी भरलं, तरच पहिल्याला अर्थ आहे.