धमनीला ताण कळतो कसा?

आपण उभे राहतो तेव्हा हृदयापासून पावलापर्यंत साधारण सव्वा मीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ उभा राहतो. त्याच्या भारानं पावलातल्या धमन्यांमधला दाब सुमारे ९० मिलिमीटरनं वाढतो. तरी घोटे लगेच सुजत नाहीत. त्याचं श्रेय बऱ्याच अंशी बारीक धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशींना द्यायला हवं.

रबरी नळीत दाब वाढला की ती फुगते. धमनी मात्र आकसते! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या विल्यम बेलिस यांनी १९०२ साली हे दाखवलं. मज्जातंतू तोडले तरी ती आकसतेच, हेही दाखवलं. म्हणजे मेंदूकडून हुकूम येण्याची गरज नाही.

मग पेशीला ताण कळतो कसा? तिच्या आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म दारं असतात. भिंत ताणली गेली की त्यातली काही उघडतात आणि धनभारित कण, मुख्यतः सोडियमचे, आत शिरतात. पेशीची आतली बाजू एरवी ऋणभारित असते; तो ऋणभार घटतो. एवढ्या विद्युतबदलानं कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि स्नायू आवळला जातो. तो अति आवळू नये म्हणून पोटॅशियमची दारं उघडतात, भार पुन्हा सावरतात. सायकलचा ब्रेकच म्हणा ना!

पहिला ताण नेमकं कोण ओळखतं, यावर मात्र वाद आहे. आर्डेम पॅटापुटियन यांच्या प्रयोगशाळेनं २०१० मध्ये ‘पिझो’ ही ताणानं उघडणारी दारं शोधली. २०२१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. कोडं सुटलं असं वाटावं, पण स्नायूपेशींत ‘पिझो-१’ नसलेल्या उंदरांच्या धमन्याही दाबाखाली आकसतच राहिल्या.

आता घरातली गोष्ट. रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी हीच कॅल्शियमची दारं अडवते. धमन्या सैलावतात, दाब उतरतो. पण पावलातला तो पहाराही ढिला पडतो, केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि काहींचे घोटे संध्याकाळी सुजतात. ‘किडनी गेली’ म्हणून घरचे घाबरतात, कुणी परस्पर गोळीच बंद करतं. दोन्ही घातक. डॉक्टरांना सूज दाखवावी. ते मात्रा कमी करतील, गोळी बदलतील किंवा जोडीला दुसरी देतील. लघवी वाढवणारी गोळी या सुजेवर सहसा फारशी चालत नाही, कारण शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं.