भाकितांची वही आणि बक्षिसांचे रकाने

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी नाट्यस्पर्धेच्या निकालापूर्वी तंजावर येथे सभासद-कुटुंबांपुढे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात बोलावयास उभे राहिले की संस्थेच्या पन्नास वर्षांचा गौरव करावा असा शिरस्ता आहे. ते काम आमच्याहून अधिकारी माणसे करणार आहेत. आमच्याकडे निवड-समितीचे अध्यक्षपद आले ते आम्ही केंद्र सरकारचे नोकर आहोत म्हणून. सरकारी नोकर निःपक्षपाती असतो असा आपल्या लोकांचा एक गोड समज आहे, आणि तो मोडावा असे आम्हांस कधी वाटले नाही. एरवी आम्ही साधे बी. ए. बदल्यांच्या निमित्ताने ज्या ज्या गावी राहिलो तेथील मराठी मंडळात पडदा ओढला, खुर्च्या मांडल्या, क्वचित दुसऱ्या अंकातला पोलीस-हवालदार झालो. रंगभूमीशी आमचे नाते एवढेच.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते आपल्या भाकितांच्या वहीविषयी. नव्याने बदलून आलेल्या कुटुंबांसाठी सांगतो. स्पर्धेतील सर्व प्रयोग झाले, की बक्षिसांसाठी प्रत्येक विभागात तीन नावे निवडली जातात; ती नावे जाहीर होण्यापूर्वी प्रत्येक घराने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून द्यावयाचा, चिठ्ठ्या वहीत चिकटवावयाच्या, आणि ज्या घराचा अंदाज सर्वांत जुळेल त्यास श्रीफळ व अर्धा किलो कॉफीची पूड. ही चाल कोणी पाडली हे कोणासच आठवत नाही. परंतु स्पर्धेपेक्षा या वहीवरच अधिक वाद होतात, हे आपण सर्व जाणतो. अमक्या वहिनींचे काम मुख्य भूमिकेचे की साहाय्यक भूमिकेचे, दोन गाणी असलेले नाटक संगीत म्हणावयाचे की गद्य, यावर दोन सख्ख्या शेजाऱ्यांनी महिनाभर अबोला धरलेला आम्ही पाहिला आहे.

हा छंद आपल्या पूर्वजांचाच आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला तो प्रयोग. त्यात बक्षीस नव्हते की परीक्षक नव्हते. तरीही कोणाची सरशी झाली याचा निकाल मराठी माणसाने आजतागायत लागू दिलेला नाही. केशवराव त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात निवर्तले, आणि वाद मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. आमच्या आजोबांनी तो प्रयोग पाहिलेला नव्हता. त्यांचे मत मात्र ठाम होते.

पुढे बक्षिसे आली, आणि बक्षिसांबरोबर रकाने आले. संगीत नाटक अकादमीने १९५५ साली नारायणराव राजहंसांचा, म्हणजे बालगंधर्वांचा गौरव केला, तो अभिनयासाठी. अवघा महाराष्ट्र ज्यांच्या गळ्यावर जीव टाकीत होता त्यांस गायनाच्या रकान्यात न बसवता नटांच्या रकान्यात बसविले. आम्हांस तो निर्णय योग्य वाटतो, कारण त्यांचे गाणे भामिनीचे असे, रुक्मिणीचे असे. केवळ मैफलीचे नसे. परंतु ज्यांस तो अयोग्य वाटतो त्यांच्याशी आम्ही भांडणार नाही. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाची रौप्यपदके पुरुष व स्त्री कलावंतांस वेगवेगळी दिली जातात. त्या नियमाखाली भामिनीचे पदक कोणत्या रकान्यातून द्यावे, हा प्रश्न आम्ही एकदा आमच्या समितीपुढे थट्टेने मांडला. बैठक चहापर्यंत लांबली.

'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली रंगमंचावर आले. त्यातील खाँसाहेब उभे करणारे वसंतराव देशपांडे हे कित्येक वर्षे लष्करी हिशेब खात्यात नोकरीस होते, हे आम्हां सरकारी नोकरांस मोठे अभिमानाचे आहे. तो खाँसाहेब गवयाने केलेला नट म्हणावा की नटाने केलेला गवई? किंवा 'घाशीराम कोतवाल' घ्या. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. भास्कर चंदावरकरांचे संगीत, ओळीने उभी राहणारी आणि डोलणारी माणसांची भिंत, कीर्तन आणि लावणी एकमेकींत मिसळलेली. याला संगीत नाटक म्हणावे तर किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे चाहते रागावतील, आणि गद्य म्हणावे तर कानांवर विश्वास ठेवता येणार नाही. महाराष्ट्रात राज्य स्पर्धेचा संगीत नाटकांसाठी स्वतंत्र विभाग आहे. त्याने संगीत नाटकास आधार दिला हे खरे. परंतु आधार देताना त्यास वेगळ्या पंगतीत बसविले, हेही तितकेच खरे.

पण बंधुभगिनींनो, आपण बसलो आहोत तंजावरात, आणि येथे तर हा प्रश्न तीनशे वर्षांचा आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेथून मराठी रंगभूमी मोजावयाची असे आम्ही शाळेत शिकलो. तंजावरास बदली होऊन आलो तेव्हा सरस्वती महालात एका गृहस्थांनी आम्हांस सौम्यपणे विचारले, "मग शहाजीराजांच्या नाटकांचे काय?" शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे चिरंजीव, १६८४ ते १७१२ या काळात येथे राज्य करीत होते. त्यांच्या नावावर 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक आहे. त्यात सूत्रधार आहे, गद्य आहे, आणि 'दरू' या नावाने येणारी पदे आहेत. हे नाटक की यक्षगान, यावर विद्वानांत मतभेद आहेत. नाटक म्हटले तर आरंभाचे वर्ष दीडशे वर्षे मागे जाते, यक्षगान म्हटले तर सांगलीचा मान अबाधित राहतो. केवळ रकाना बदलल्याने एवढा इतिहास इकडचा तिकडे होतो! त्याच शहाजीराजांच्या नावावर 'पंचभाषाविलास' आहे. त्यात संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर नांदतात. भाषेच्या रकान्यात त्याचे नाव कोठे घालावे, हे आमच्या खात्याच्या राजभाषा-कक्षासही सांगता येणार नाही.

आणि भाकितांविषयी बोलावयाचे तर या भूमीत भाकीत सांगणारी बाई स्वतःच नाटकाची नायिका झाली. कुरवंजी म्हणजे डोंगरातली, हात पाहून भविष्य सांगणारी स्त्री. दुसऱ्या सरफोजीराजांनी मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' रचले, त्यात ती चक्क जगाचा भूगोल सांगते. याच सरफोजींवर तमिळमध्ये रचलेली 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' बृहदीश्वराच्या मंदिरात नाचली जात असे. तिला नाटक म्हणावे, नृत्य म्हणावे, की गायन? पाहणाऱ्यांस बहुधा हा प्रश्न पडत नसावा. येथून जवळच्या मेलट्टूरला नरसिंहजयंतीच्या सुमारास भागवतमेळा होतो, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आधी कोणंगी येऊन हसवतो, मग गजमुखाचा मुखवटा घातलेला लहान मुलगा गणपती होऊन येतो, आणि प्रल्हादाची आई लीलावती पुरुष करतो. आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हे बालगंधर्वच की!" आम्ही गप्प बसलो, त्यांचे बरोबर होते.

आता ज्यासाठी हे सर्व सांगितले त्याकडे येतो, कारण त्यात आमची चूक आहे.

या वर्षीच्या स्पर्धेसाठी आपल्या मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांस आपण सर्व अण्णा म्हणतो, त्यांनी प्रवेशपत्र भरले. अण्णांचे घराणे येथे केव्हा आले हे त्यांनाही नेमके ठाऊक नाही. राजांच्या वेळचे, इतकेच ते सांगतात. त्यांची मराठी आपल्या मराठीहून निराळी आहे. तिच्यात आपण विसरलेले शब्द आहेत, आणि चाल तमिळची आहे. एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाचा ढंग येथील हरिकथेत मुरविला. त्याच वळणाचे आख्यान अण्णा एकट्याने उभे करतात. प्रवेशपत्रात 'संगीत की गद्य' या रकान्यात त्यांनी काही लिहिले नाही. 'पुरुष भूमिका की स्त्री भूमिका' येथे रेघ ओढली. आणि 'भूमिकेचे नाव' या रकान्यात एकच शब्द लिहिला: 'सर्व'.

आम्ही अपूर्ण अर्ज परत करण्यात आयुष्य घालविलेले. आम्ही त्यावर शेरा मारला: 'विभाग निश्चित होत नाही. स्पर्धेबाहेर विशेष कार्यक्रम म्हणून सादर करावे.' मनात म्हटले, आपण सन्मानच केला. अण्णांनी सादर केले. नातू मृदंगावर होता. पाऊण तासात ते द्रौपदी झाले, दुःशासन झाले, हतबल झालेले भीष्म झाले. आणि भीष्म काही न बोलता नुसते उपरणे सारखे करीत राहिले, तेव्हा या सभागृहात मुलेसुद्धा रडावयाची थांबली. दुसऱ्या दिवशी त्यांची नात आमच्या घरी प्रवेशपत्राची प्रत मागावयास आली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "काका, आजोबा एवढंच म्हणाले, पाहुण्यांचा कार्यक्रम स्पर्धेबाहेर असतो. आपण इथे पाहुणे कधी झालो?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. तंजावरात आमची ही सहा वर्षे. पाहुणे कोण, हे सांगावयास नकाशा लागत नाही.

त्यानंतर भाकितांची वही उघडली. अण्णा स्पर्धेत नाहीत हे प्रत्येक घरास ठाऊक होते. सूचनाफलकावर आमच्याच सहीने लावलेले होते. तरीही निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांत अभिनयाच्या रकान्यात पहिले नाव अण्णांचे होते. काहींनी पुरुष-विभागात लिहिले, काहींनी स्त्री-विभागात, एका घराने दोहोंत. नियमाप्रमाणे त्या सर्व चिठ्ठ्या बाद. आम्ही रात्री त्या बाद चिठ्ठ्या मोजीत बसलो, आणि मग मोजणे सोडून दिले.

समितीत दोन सूचना आल्या. एक, अण्णांस 'विशेष गौरव' द्यावा. तिला आम्ही विरोध केला. विशेष म्हणजे पुन्हा वेगळी पंगत, पुन्हा शाल आणि श्रीफळ, आणि पुन्हा पाहुणा. दुसरी, तंजावरी परंपरेसाठी निराळा विभाग उघडावा. ही सूचना चांगली आहे, पुढील वर्षी अवश्य विचारात घ्यावी; परंतु ज्या विभागात एकच स्पर्धक, त्याचे पहिले बक्षीस कोणास हवे? आमच्या मते अण्णांनी नटांच्या शेजारी बसावे आणि नटांबरोबर तोलले जावे. तेथे ते हरले तरी चालेल.

यावर एका तरुण सभासदाने हरकत घेतली. ते बँकेत अधिकारी आहेत, त्यांचे काम या वर्षी उत्तम झाले, आणि तीन नावांत त्यांचे नाव येणार हे जवळजवळ निश्चित होते. ते म्हणाले, "साहेब, खेळ संपल्यावर नियम बदलणं बरोबर नाही." बरोबर नाहीच. त्यांचे म्हणणे आम्ही कार्यवृत्तात शब्दशः नोंदविले आहे. ते अजूनही आमच्यावर नाराज आहेत, आज सभेस आले आहेत हा त्यांचा मोठेपणा. कोणाचेही नाव वगळलेले नाही. तीनाऐवजी चार नावे ठेवली, आणि अंतिम निर्णय बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांवर सोपविला. अभिनयाचे पुरुष व स्त्री असे दोन विभाग या वर्षापुरते एकत्र केले. प्रवेशपत्रावरील आमचा शेरा आम्ही आमच्याच सहीने रद्द केला, आणि भूमिकेच्या रकान्यात 'सर्व' हा शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. अण्णांकडे आम्ही स्वतः जाऊन आलो. त्यांनी कॉफी दिली, या विषयावर मात्र एक शब्द बोलले नाहीत. मृदंगाची शाई सैल झाली आहे, ती चांगली कोण भरून देतो, एवढे विचारले.

परीक्षकांचा लखोटा अध्यक्षांकडे आहे, तो ते आता उघडतील. राहिला प्रश्न भाकितांच्या बक्षिसाचा. नावे बदलल्याने बाद चिठ्ठ्या ग्राह्य ठरल्या, आणि इतक्या घरांचे अंदाज सारखेच जुळले आहेत की अर्धा किलो पूड पुरणार नाही. कोषाध्यक्षांनी आणखी दोन किलो आणविली आहे. कार्यक्रम संपल्यावर मागच्या दाराशी वाटप होईल. ज्यांनी डबा आणला नसेल त्यांस कागदाच्या पुडीत मिळेल.